चालू इंजिनाचं हेड कुणी उतरवत नाही

प्रश्न

आदरणीय काका,
माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, वय ६३. उद्यमनगरात ऑइल इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. गेल्या महिन्यात जिना चढताना छातीत दाटून आलं म्हणून अँजिओग्राफी केली. तिन्ही नळ्यांत ब्लॉकेज निघाले. शुगर आहे आणि पंपिंग ३५ टक्के. डॉक्टरांनी बायपास सांगितली. समजावताना ते म्हणाले, साधारण तासभर हृदय थांबवून टाके घालू. तेव्हापासून आबा हटून बसलेत. म्हणतात, "काय चिरायचं ते चिरा, पर माझं काळीज बंद करायचं न्हाई. बंद पडलेलं परत चालू झालं न्हाई तर?" दाजी म्हणतात, हृदय चालू ठेवून करणारे डॉक्टर शोधू. आमच्या गल्लीतले एक काका बायपासनंतर चौथ्या दिवशी गेले, त्यामुळे आईनंही धसका घेतलाय. आधीच कमजोर असलेलं हृदय बंद ठेवलं तर आणखी कमजोर होणार नाही का? त्या तासाभरात त्याला जपतं कोण? येत्या मंगळवारी डॉक्टरांना काय ते सांगायचं आहे.
— एक मुलगी, शुक्रवार पेठ, कोल्हापूर

उत्तर

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण माझी एकतीस वर्षांची नोकरी म्हणजे तेच उत्तर आहे. त्या तासाभरात हृदयाला जपणाऱ्या चार-पाच जणांपैकी मी एक होतो. मी सर्जन नाही, परफ्युजनिस्ट. टेबलाच्या बाजूला हार्ट-लंग मशीन घेऊन बसतो तो. नातेवाइकांना आमचं तोंड कधी दिसत नाही. ऑपरेशननंतर बाहेर येऊन बोलतात ते सर्जन, आणि ते बरोबरच आहे. पण तुम्ही विचारलेला प्रश्न थेट आमच्या खुर्चीपाशी येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आबांविषयी. त्यांची भीती खुळी नाही. हीच भीती जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांना होती आणि ती खरी ठरेल असे दिवसही येऊन गेले आहेत. पण आबांना एक विचारा. पस्तीस वर्षांत त्यांनी चालू इंजिनाचं हेड कधी उतरवलं का? फ्लायव्हील फिरतंय, पिस्टन वरखाली होतोय आणि आबा पाना घेऊन आत हात घालतायत, असं कधी झालं का? आधी इंजिन बंद, मग ते निवू द्यायचं, मग हात. बायपास म्हणजे पायाची शीर किंवा छातीतली धमनी तुंबलेल्या जागेच्या पुढे जोडून रक्ताला नवी वाट काढून देणं. हृदयावरच्या या नळ्या दीड-दोन मिलिमीटरच्या. त्यांना केसापेक्षा बारीक दोऱ्यानं टाके घालायचे, एकेका जोडाला दहा-बारा. हे काम थांबलेल्या, रिकाम्या, मऊ पडलेल्या हृदयावर करायला सोपं जातं, हे आबांना कुणी शिकवायला नको.

मात्र इंजिनाची गोष्ट इथवरच लागू पडते. इंजिन बंद केलं की त्याची भूक संपते. महिनाभर शेडमध्ये पडून राहिलं तरी ते डिझेल मागत नाही. हृदय थांबलं तरी जिवंत असतं आणि जिवंत आहे म्हणून खातं. कमी खातं, पण खातं. आमचं सगळं काम या कमी खाण्याभोवती फिरतं.

आता बघा काय होतं. छाती उघडल्यावर शरीरातलं अशुद्ध रक्त नळीनं मशीनकडे येतं. तिथं त्यात ऑक्सिजन मिसळतो आणि ते दुसऱ्या नळीनं महाधमनीत परत जातं, मोठ्या माणसाला मिनिटाला चार-साडेचार लिटर. फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी अशा मशीनवर पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं, त्याला सत्तर वर्षं उलटून गेली. म्हणजे मेंदू, मूत्रपिंडं, यकृत यांची सोय झाली. पण हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या महाधमनीच्या अगदी मुळातून फुटतात, आणि हृदय शांत व्हावं म्हणून सर्जन त्या मुळाच्या थोडं वर चिमटा लावतात. त्यालाच आम्ही क्लॅम्प म्हणतो. चिमटा लागला की सगळ्या शरीराला रक्त मिळतं, उपाशी राहतं ते एकटं हृदय. जन्मभर सगळ्यांना वाढलेलं घरातलं माणूस शेवटी पानावर बसतं, तसं.

ही उपासमार सोसता यावी म्हणून त्याच क्षणी हृदयाला एक द्रावण देतात. त्याला कार्डिओप्लेजिया म्हणतात. त्यात मुख्य असतं पोटॅशियम. आपल्या रक्तात लिटरमागे साडेतीन ते पाच मिलिमोल पोटॅशियम असतं, या द्रावणात त्याच्या तीन-चार पट किंवा थोडं जास्त. प्रत्येक ठोक्यासाठी हृदयाच्या पेशीच्या आत आणि बाहेर विजेचा फरक लागतो. बाहेर पोटॅशियम वाढलं की तो फरक पुरेसा उरत नाही आणि पुढचा ठोका पडत नाही. मी हे हजारो वेळा पाहिलंय. द्रावण जाऊ लागतं. मॉनिटरवरच्या रेघेतले ठोके आधी लांब लांब पडतात, मग रुंद होतात, मग रेघ सपाट होते. हृदय आवळलेल्या मुठीसारखं थांबत नाही, सैल सुटतं, हात उघडा पडावा तसं. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो, मीही घाबरलो होतो. पण सैल पडलेलं हृदय हेच जपलेलं हृदय, कारण आवळून बसलेला स्नायू थांबूनही ताकद खर्च करत राहतो.

किती वाचतं, तर हे आकडे आबांना वाचून दाखवा. शरीराला रक्त पुरवत धडधडणारं हृदय स्वतःच्या दर शंभर ग्रॅमला मिनिटाला सुमारे ८ ते १० मिलिलिटर ऑक्सिजन खातं. तेच थांबलं की सुमारे १ मिलिलिटर. आणि थांबलेलं हृदय २२ अंशांपर्यंत थंड केलं की साधारण ०.३. म्हणजे खर्चाचा मोठा वाटा नुसत्या थांबण्यानं वाचतो, थंडाव्यानं त्यात भर पडते. म्हणूनच द्रावण बहुतेक वेळा फ्रीजमधल्या पाण्याइतकं गार असतं, आणि काही सर्जन हृदयाभोवती निर्जंतुक बर्फाचा चुराही ठेवतात.

तुमची भीती होती की बंद ठेवल्यानं कमजोर हृदय आणखी कमजोर होईल. क्लॅम्प लावायचाच असेल तर हृदय बंद करणं हीच त्याची राखण आहे. रक्त तोडून धडधडत ठेवलं तर ते थोड्याच वेळात स्वतःला खाऊन संपेल.

हे काही एका दिवसात उमगलेलं नाही. १९५५ साली लंडनमध्ये मेलरोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटॅशियम सायट्रेट वापरून हृदय थांबवून दाखवलं. पण मात्रा फार जास्त होती. स्नायूला इजा होते हे पुढे दिसलं आणि बऱ्याच सर्जननी ही वाट सोडून दिली. आबांना वाटते ती भीती तेव्हा खरीच होती. मग १९७० च्या दशकात कमी पोटॅशियमचं द्रावण परत आलं. त्यातलं लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाच्या नावाचं द्रावण आजही जगभर चालतं. त्यानंतर बकबर्ग यांनी पोटॅशियम रुग्णाच्या स्वतःच्याच रक्तात मिसळून द्यायची रीत रुजवली, म्हणजे थांबवणारं औषध आणि शिदोरी एकाच नळीतून. डेल निडो या नावाचं द्रावण मुळात लहान मुलांसाठी होतं, आता मोठ्यांनाही देतात, आणि त्याची एक मात्रा तासभर किंवा थोडी जास्त पुरते. इतर बऱ्याच द्रावणांची मात्रा दर १५ ते २० मिनिटांनी पुन्हा द्यावी लागते. यातलं कुठलं चांगलं यावर आमच्या लोकांत अजून वाद होतात. माझं मत असं की ज्या हाताला जे सवयीचं, ते त्या हातात चांगलं.

आता तिन्ही नळ्यांत ब्लॉकेज असलेल्या माणसाची खरी अडचण सांगतो, कारण ती तुमच्या आबांचीच आहे. द्रावण महाधमनीच्या मुळातून सोडलं तर ते जाणार त्याच तुंबलेल्या नळ्यांतून. उसाला पाणी दिलंय ना कधी? पाट मध्येच बुजला की वरच्या सऱ्या तुडुंब भरतात आणि टोकाची सरी कोरडीच राहते. हृदयाचंही तसंच होतं. ज्या भागाला रक्त कमी पडतंय, त्यालाच द्रावणही कमी पोचतं. त्यावर तोड अशी की द्रावण उलट्या बाजूनंही चढवतात. हृदयाचं वापरलेलं रक्त जिथून बाहेर पडतं त्या मोठ्या शिरेत बारीक नळी घालून, खालच्या अंगानं वर. शिवाय सर्जन बहुतेकदा सगळ्यात उपाशी भागाचा जोड आधी करतात आणि तो झाला की त्याच नव्या नळीतून द्रावण सोडतात. पायातून काढलेल्या शिरेतून ते गार, लालसर पाणी जाताना आणि फिकट पडलेला स्नायू भिजताना दिसतो. ऑपरेशन थिएटरमधलं हे दृश्य माझ्या फार आवडीचं. नवा पाट अजून वाहता व्हायचाय आणि त्याआधीच त्यातून पहिलं पाणी शेवटच्या सरीला गेलेलं असतं.

आणखी एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. थांबलेलं हृदय फुगू द्यायचं नसतं. इकडून तिकडून पाझरलेलं रक्त आत साठलं तर भिंती ताणल्या जातात, आणि ताणलेल्या भिंतीत द्रावण नीट शिरत नाही. म्हणून ते रक्त ओढून घेणारी एक छोटी नळी ठेवतात. पंपिंग कमी असलेलं हृदय बऱ्याचदा आधीच पसरलेलं असतं, त्यामुळे आम्ही या नळीवर जास्तच डोळा ठेवायचो.

पण सगळ्यात मोठा राखणदार म्हणजे घड्याळ. क्लॅम्प लागला की मी मोठ्यानं "क्लॅम्प ऑन" म्हणायचो आणि बटण दाबायचो. मग पंधरा मिनिटं झाली की सांगायचं, वीस झाली की परत सांगायचं. ऑपरेशन रंगात आलेलं असताना हे ओरडणं कुणालाच आवडत नाही. एका ठिकाणी, माझी नोकरी नवी होती तेव्हा, सर्जन म्हणाले, "दोन मिनिटं थांब, हा जोड होऊ दे." मी थांबलो. दोनाची दहा झाली. मी ज्युनिअर, परत बोलायचं धाडस झालं नाही. क्लॅम्प काढल्यावर ते हृदय आळसावल्यासारखं उठलं. त्या माणसाला तीन दिवस जादा औषधांवर आणि हृदयाला हातभार लावणाऱ्या फुग्याच्या मशीनवर ठेवावं लागलं. तो वाचला, चालत घरी गेला. पण त्या दिवसानंतर मी कुणाच्याही चेहऱ्याकडे बघून गप्प बसलो नाही. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही, ताई. हृदय जपणं म्हणजे एखादं महाग औषध किंवा परदेशी मशीन नव्हे, वेळेवर बोलणारी आणि ऐकणारी माणसं लागतात, हे कळावं म्हणून सांगतोय.

आता आबांच्या "परत चालू झालं न्हाई तर?" कडे येतो. इंजिनाला हँडल मारावं लागतं. हृदयाचं हँडल त्याच्या आतच असतं. त्याच्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक पुंजका आहे, तो कुणाच्या सांगण्याशिवाय ठोका टाकतो. क्लॅम्प काढला की कोमट, ऑक्सिजन भरलेलं रक्त नळ्यांत शिरतं आणि पोटॅशियम धुऊन जातं. मिनिटभर काहीच होत नाही. मग कुठंतरी एक कोपरा हलतो. कधी सरळ ठोके सुरू होतात, कधी आधी नुसतं थरथरतं, तेव्हा छोट्या चमच्यासारख्या पट्ट्यांनी अगदी कमी ताकदीचा एक झटका देतात आणि लय बसते. तरी सुरुवातीला ठोका मंद वाटला तर पेसमेकरच्या बारीक तारा तात्पुरत्या जोडून ठेवतात. उपाशी माणसाला एकदम पंगतीत बसवत नाहीत, तसं पहिली काही मिनिटं रक्ताचा दाबही सांभाळून ठेवतात, कारण उपासानंतर एकदम आलेल्या रक्तानंही स्नायूला इजा होऊ शकते. हृदयानं ताल धरला तरी मशीन लगेच बंद करत नाहीत. ते ओझं हळूहळू हृदयाच्या खांद्यावर देतात, अर्धा लिटर, एक लिटर, बघत बघत.

आता दाजींचं म्हणणं. हृदय चालू ठेवून केलेली बायपास खरी आहे, चांगली आहे आणि आपल्या देशात ती फार मोठ्या प्रमाणावर होते. ज्या जागी टाके घालायचे तेवढाच तुकडा एका चिमट्यासारख्या साधनानं स्थिर धरतात, बाकीचं हृदय चालत राहतं. महाधमनीत चुन्याचे थर असतील तर क्लॅम्प लावणंच धोक्याचं, तिथं ही पद्धत लकव्याचा धोका कमी करू शकते. पण तिच्यातही हृदय जपावंच लागतं. मागच्या बाजूच्या नळीपर्यंत पोचायला हृदय उचलून फिरवावं लागतं आणि तेवढ्या वेळात रक्तदाब घसरू शकतो. मोठ्या, पसरलेल्या हृदयाला हे सोसतंच असं नाही. मध्येच हृदय डगमगलं आणि घाईघाईनं मशीनवर जावं लागलं, तर ते आधीपासून ठरवून मशीनवर जाण्यापेक्षा जास्त धोक्याचं असतं. १९ देशांतल्या ४७५२ रुग्णांवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली आहे. पाच वर्षांनी दोन्हींत ठळक फरक दिसला नाही. दाजींना एवढंच सांगा की आपण पद्धत निवडायची नाही, सर्जन निवडायचा. ज्याच्या हाताला जी पद्धत रोजची, त्याला आपल्या हट्टापायी दुसरी करायला लावू नये. कोल्हापुरातला गवंडी भिंत त्याच्या पद्धतीनं बांधतो तेव्हा ती टिकते.

३५ टक्के पंपिंगचंही सांगतो. नॉर्मल माणसाचं शंभर टक्के असतं असं लोकांना वाटतं आणि ३५ ऐकून हातपाय गळतात. निरोगी हृदयही एका ठोक्यात भरलेल्या रक्ताच्या साधारण ५५ ते ७० टक्केच बाहेर टाकतं. म्हणजे आबांचं निम्म्याच्या आसपास आहे. कमी आहे, हे लपवत नाही. पण जे हलत नाही ते सगळंच मेलेलं नसतं. रक्त कमी मिळतंय म्हणून काही स्नायू काम आखडून झोपून राहतो आणि रक्त मिळाल्यावर आठवड्यांत-महिन्यांत उठतो. सगळ्यांचा उठतोच असं नाही. ३५ टक्के किंवा त्याहून कमी पंपिंग असलेल्या १२१२ लोकांवर एक मोठा अभ्यास झाला. दहा वर्षांच्या शेवटी नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांपैकी शंभरात ६६ गेले, बायपासही केलेल्यांपैकी ५९. कमी पंपिंगची दुखणी जड असतात, म्हणून दोन्ही आकडे मोठे आहेत. पण फायदा बायपासच्या बाजूनं आहे, आणि कमजोर हृदय म्हणून ऑपरेशन नको, हा विचार उलटा आहे.

तुमच्या गल्लीतल्या काकांना काय झालं ते कागद बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. आईंना मात्र एक सांगा. ऑपरेशननंतर पहिला दिवसभर, कधी जास्त, हृदय सुन्न असतं. जिवंत असतं, पण पुरत्या ताकदीनं काम करत नाही. तेवढ्यापुरती ताकदीची औषधं चालू असतात आणि कमी पंपिंगवाल्यांना कधी मांडीतून फुगाही घालतात. तो हृदयाच्या ठोक्यांमधल्या वेळात फुगतो आणि हृदयालाच रक्त जास्त पोचवतो. आयसीयूच्या दारात कुणी म्हणालं "औषधांवर आहेत", तर त्याचा अर्थ संपलं असा काढू नका. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात ठोके अचानक अनियमित होणं हेही बऱ्याच जणांना होतं, त्यावर उपचार आहेत.

एवढं झाल्यावर आता तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. थिएटरमधली राखण आमची, पण तिथवर हृदय कसं पोचतं ते तुमच्या घरात ठरतं.

आबा तंबाखू मळत असतील, मिश्री लावत असतील किंवा विडी ओढत असतील, तर आज बंद. उद्यापासून नाही. शुगर आटोक्यात आणायला डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, इन्सुलिन दिलं तर त्यात कमीपणा मानू नका. शुगर वाढलेली असली की जखमेला आणि हृदयाला दोन्हीला जड जातं. हिमोग्लोबिन कमी असेल तर आताच विचारा, कारण मशीनच्या नळ्यांतलं पाणी रक्तात मिसळतं आणि रक्त पातळ होतं, मुळातच कमी असेल तर अडचण वाढते. दातांत पू असेल तर तो आधी दाखवा. श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र मिळतं, त्यातून आतापासून श्वास आत ओढायला लावा, ऑपरेशननंतर छाती दुखत असताना शिकणं जमत नाही.

औषधांचा घोळ सगळ्यात जास्त होतो. रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्या, उदाहरणार्थ क्लोपिडोग्रेल, ऑपरेशनच्या साधारण पाच दिवस आधी थांबवतात. अॅस्पिरिन बहुतेक वेळा चालू ठेवतात. ठोके हळू करणारी आणि कोलेस्टेरॉलची गोळी सहसा चालूच असते, आणि ती हृदयाची राखणच करते. शुगरच्या गोळ्यांतल्या काही, ज्यांच्या नावाचा शेवट 'ग्लिफ्लोझिन' असा होतो, त्या तीन-चार दिवस आधी बंद करायच्या असतात. पण यातलं काहीही माझं वाचून किंवा मेडिकलवाल्याला विचारून करू नका. मंगळवारी सगळ्या पाकिटांची पिशवीच घेऊन जा आणि डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, कुठली कधीपासून बंद.

रंकाळ्यावर फिरून ताकद वाढवूया असं कुणी सुचवेल. आता नको. घरातल्या घरात, दम लागणार नाही इतकंच. आणि बसल्या जागी छातीत दुखू लागलं, घाम फुटला, तर मंगळवारची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा.

मोबाइलवर एक उपाय फिरतो, ऑपरेशनआधी दंडाला पट्टा आवळून सोडायचा, म्हणजे हृदयाला उपाशी राहायची सवय होते. कल्पना खरोखर डॉक्टरांचीच होती आणि मलाही तिच्याकडून आशा होती. २०१५ साली दोन मोठ्या अभ्यासांत तिचा फायदा दिसला नाही. सोडून द्या.

पैशांचं तुम्ही लिहिलेलं नाही, तरी सांगतो. बायपास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते. सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी रुग्णालयात, आणि योजनेत असलेल्या खासगी दवाखान्यांत योजनेचा मदतनीस, आरोग्यमित्र, बसतो. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि अँजिओग्राफीचा रिपोर्ट घेऊन आधी त्याला भेटा, ऑपरेशनची तारीख ठरवून मग धावपळ करू नका. रक्ताचीही आधीच सोय करा. तुमच्या पेठेतल्या तालमीची पोरं एका हाकेत येतील.

मंगळवारी डॉक्टरांना काय विचारायचं? कमी पंपिंगच्या रुग्णाला तुम्ही सहसा कुठल्या पद्धतीनं करता आणि आबांसाठी तीच का? असे रुग्ण महिन्याला किती होतात? फुग्याचं मशीन इथंच आहे की मागवावं लागतं? परफ्युजनिस्ट कायम इथलेच आहेत का? रात्री आयसीयूत कोण असतं? हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मुख्य नळीला छातीच्या आतली धमनी लावणार का? ही धमनी दहा वर्षांनंतरही दहातल्या नऊ जणांत चालू असते, पायाची शीर इतकी टिकत नाही, म्हणून विचारायचं. चांगला सर्जन या प्रश्नांवर रागावत नाही. रागावला, तर अँजिओग्राफीची सीडी घेऊन दुसऱ्याचं मत घ्यायला तुम्ही मोकळ्या आहात. त्यात अपमान नाही.

आणि आबांना बाहेर बाकावर बसवून तुम्ही आणि दाजी आत जाऊ नका. आपल्याकडे घरातलं आजारी माणूस सोडून सगळे चर्चा करतात. काळीज त्यांचं आहे. त्यांना आत न्या, खुर्चीत बसवा, फाइल त्यांच्याच हातात द्या. "इंजिन किती वेळ बंद ठेवणार, तवर त्येला खायला काय देणार, आणि चालू कसं करणार?" हे तीन प्रश्न त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच भाषेत विचारू द्या. डॉक्टर उत्तर देतील. तुम्ही मध्ये बोलू नका.